दाताखालचं हाड कोण खातं?

महाडला बसून हिरड्यांचे आजार पाहायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. पोलादपूरकडच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी काही मंडळी पडलेला दात कागदाच्या पुडीत बांधून आणतात, टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, ह्याला कीड कुठं आहे ती दाखवा." प्रश्न रास्त असतो. दात वरपासून मुळापर्यंत धड असतो. कीड नाही, भोक नाही, मुळाला तेवढा काळपट कीटणाचा लेप. मग एवढा धडधाकट दात पडला कसा?

उत्तर असं की दात धडच होता, पण ज्या हाडात तो रोवलेला होता ते हाड उरलं नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर सावित्रीच्या काठाने ज्यांनी चक्कर मारली असेल त्यांना हे लगेच पटेल. काठावरची झाडं हिरवीगार होती, पण मुळाखालची माती वाहून गेल्यामुळे ती कललेली होती. दाताचं तसंच होतं. फरक एवढाच, की पूर एका रात्रीत येतो आणि हिरडीचा आजार दहा-वीस वर्षं शांतपणे काम करत राहतो.

आता हे हाड खातं कोण? 'जंतू' असं उत्तर आपण पटकन देऊन टाकतो. मीही रुग्णाला घाईत असताना तेच सांगतो. पण ते अर्धंच उत्तर आहे, आणि गेल्या चार-पाच दशकांतलं हिरड्यांवरचं सगळं रंजक संशोधन उरलेल्या अर्ध्यात आहे.

आधी जंतूंची बाजू पाहू. दातावर सतत एक चिकट थर जमत असतो. त्यात असंख्य जंतू वस्ती करून असतात. तो रोज काढला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे टणक होतो, त्यालाच आपण कीटण म्हणतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो या संशोधकाने एक सरळसोट प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत एकूणएक जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. थर जमला की सूज, थर काढला की बरं. यात शंकेला जागा उरली नाही.

पण पुढे याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० मजुरांची १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं पाहणी केली. या मजुरांनी कधी दात घासले नव्हते, दंतवैद्याचं तोंड पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या दातांवर थर होता, कीटण होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. 'जंतू आले की हाड गेलं' इतकं सोपं गणित असतं तर सगळ्यांचे दात सारखेच पडायला हवे होते. प्रत्यक्षात सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात पडले. ८१ टक्के लोकांचं मध्यम गतीने गेलं. आणि ११ टक्के लोक असे निघाले की इतक्या घाणीतही त्यांचं हाड जागचं हललं नाही!

थर तोच, मळा तोच, मग निकाल वेगळे का? कारण जंतूंना उत्तर देणारं शरीर प्रत्येकाचं वेगळं असतं.

हे उत्तर कसं दिलं जातं ते थोडं समजून घेऊ. हिरडीतल्या पेशींवर राखणदार म्हणावेत असे ग्राहक असतात. जंतूंच्या आवरणाचा तुकडा त्यांना चिकटला की पेशीच्या आत निरोप जातो. तिथे एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनांचा एक जोड, गोठ्यातल्या बैलासारखा दाव्याला बांधून ठेवलेला असतो. निरोप पोचला की दावं सुटतं, तो थेट पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि दाह निर्माण करणारी जनुकं चालू करतो. मग पेशी इंटरल्युकिन-१, टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं सोडते. ही रसायनं म्हणजे दवंडी. ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल होते, जरा धक्का लागला की रक्त येतं. दावं सुटण्यापासून दवंडीपर्यंतच्या या साखळीलाच शास्त्रज्ञ दाहाचा संदेशमार्ग म्हणतात.

इथपर्यंत सगळं आपल्या भल्याचं आहे. गडबड पुढे होते. धावून आलेल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर जी विकरं सोडतात, ती आपल्याच हिरडीतले धागेही कापतात. आपला दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. असंख्य बारीक धाग्यांनी तो हाडाला टांगलेला असतो. ते धागे तुटले की दात आणि हिरडी यांच्यातली खाच खोल होते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर असते. आजार वाढला की सहा-सात मिलिमीटर होते आणि तिथे ब्रश पोचत नाही. त्याच वेळी 'रँकेल' नावाचं आणखी एक रसायन हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतं. या पेशी आपल्याच. एरवी जुनं हाड काढायचं आणि नव्याला जागा करून द्यायची, हे त्यांचं रोजचं इमानी काम. दाह पेटता राहिला की काढणं चालू राहतं, भरणं मागे पडतं.

फाल्गुन-चैत्रात आपल्या डोंगरांना वणवा लागतो तेव्हा वाडीतली माणसं काय करतात? आग घराकडे येऊ नये म्हणून मधला गवताचा पट्टा स्वतःच जाळून टाकतात. हाडाची माघार मला तशीच वाटते. जंतू जवळ आले की शरीर मधलं हाड काढून टाकतं आणि सुरक्षित अंतरावर जातं. पट्टा जाळणं शहाणपणाचं, पण वणवा वीस वर्षं धुमसत राहिला आणि दरवर्षी नवा पट्टा जाळत गेलं, तर शेवटी वाडीच उरत नाही.

इथे डॉक्टरांच्या डोक्यात साहजिकच विचार आला. जंतू तर तोंडातून कायमचे घालवता येत नाहीत. मग हा अतिरेकी दाहच औषधाने आवरला तर?

पहिला प्रयत्न वेदनाशामक गोळ्यांचा झाला. १९८९ मध्ये अमेरिकेत रे विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फ्लर्बिप्रोफेन घेणाऱ्या रुग्णांमध्ये हाडाची झीज मंदावते. पण अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात. तो मार्ग व्यवहारात उतरला नाही. तरीही गुडघ्यासाठी आणलेल्या गोळ्या 'हिरडीलाही लागू पडतात' म्हणून रोज घेणारे लोक मला भेटतात, म्हणून हे सांगून ठेवलं.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात लॉर्न गोलब मधुमेही उंदरांच्या हिरड्यांवर काम करत होते. १९८३ साली त्यांना आढळलं की टेट्रासायक्लिनच्या कुळातलं मिनोसायक्लिन दिल्यावर हिरडीतले धागे कापणारं विकर थंडावतं. ही औषधं जंतू मारतात, म्हणून असेल, असं कोणीही म्हणालं असतं. पण हाच परिणाम जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही दिसला. म्हणजे मारायला जंतूच नव्हते आणि तरी औषध काम करत होतं! त्यातून पुढे डॉक्सिसायक्लिनची अगदी लहान मात्रा निघाली. २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काही महिने. एवढ्याशा मात्रेने जंतू मरत नाहीत, फक्त आपल्या विकरांना लगाम बसतो. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला हिरड्यांच्या आजारासाठी मान्यता दिली.

मग प्रश्न सुटला का? नाही. या गोळीने मूळ उपचाराच्या वर पडणारी भर सरासरी मिलिमीटरच्या काही दशांशांची आहे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१५ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला. युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये ती वापरू नये असं सुचवलं. पुरावा बराचसा तोच, तराजू वेगळे. माझा स्वतःचा कल युरोपच्या बाजूला आहे, कारण आपल्याकडे डॉक्सिसायक्लिनची साधी, मोठ्या मात्रेची गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळते, आणि 'तीच मोडून घेतली तर चालेल का' हा प्रश्न मला लगेच येतो. चालणार नाही. चुकीच्या मात्रेत, मनाला येईल तितके दिवस घेतलेलं प्रतिजैविक जंतूंना फक्त तालीम देतं.

सांध्यांच्या आमवातासाठी टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आता वापरात आहेत. इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ दोन्ही अडवल्यावर माकडांमध्ये हिरडीचा दाह आणि हाडाची झीज कमी होते, हे १९९८ मध्येच दिसलं होतं. मग ती हिरडीसाठी का नाहीत? कारण टीएनएफ हा आपल्या शरीरात क्षयरोगाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या भिंतीचा एक चिरा आहे. तो काढला की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्या देशात किती लोकांच्या अंगात हा क्षय झोपलेला आहे ते लक्षात घ्या. चार दातांसाठी हा धोका पत्करणं मला पटत नाही. रँकेल अडवणारं इंजेक्शनही आहे, ठिसूळ हाडांसाठी देतात. पण त्याच्यावर असलेल्या रुग्णाचा दात काढल्यावर काही वेळा जबड्याचं हाडच मरतं. म्हणून हाडांसाठी कोणतंही इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी ते दंतवैद्याला जरूर सांगा.

सध्या ज्या दोन दिशांकडे मी आशेने पाहतो त्या थोड्या निराळ्या आहेत. पहिली म्हणजे दाह सर्वांगात न अडवता फक्त हिरडीपुरता अडवायचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज हाजिशेंगालिस आणि जॉन लॅम्ब्रिस यांनी रक्तातल्या 'कॉम्प्लिमेंट' या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतली सी-३ ही मधली कडी पकडली. ती अडवणारं एएमवाय-१०१ नावाचं औषध सुजलेल्या हिरडीत आठवड्याला एकदा, असं तीन आठवडे टोचलं. चाळीस प्रौढांवरच्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दाह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकला. चाळीस माणसं म्हणजे फार थोडी, आणि सूज उतरणं म्हणजे गेलेलं हाड परत येणं नव्हे. पण वाट दिसते आहे.

दुसरी दिशा मला त्याहून आवडते. आपण समजत होतो की जंतू संपले की दाह आपोआप विझतो. हार्वर्डच्या चार्ल्स सेर्हान यांनी दाखवून दिलं की तसं नाही, दाह विझवण्यासाठी शरीर वेगळी रसायनं तयार करतं. मासळीच्या तेलात असतात त्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांपासून बनणाऱ्या अशा काही रसायनांना त्यांनी 'रिझॉल्विन' हे नाव दिलं. थॉमस व्हॅन डाइक यांच्या गटाने सशांच्या हिरड्यांना त्यातलं एक नुसतं बाहेरून लावलं, तेव्हा झीज थांबलीच, गेलेलं हाड बऱ्याच अंशी भरूनही आलं. आता कोकणातल्या माणसाला मासळीचं कौतुक सांगायला नको. पण बांगडा खाऊन हिरडी बरी होते असा अर्थ कृपया काढू नका. ओमेगा-३ च्या गोळ्यासुद्धा हिरडीच्या उपचारात देऊ नयेत, असंच २०२० चा युरोपीय सल्ला सांगतो.

आणि हळद? हळदीचा विषय निघाला नाही असा माझा एक आठवडा जात नाही. हळद जखमेवर लावायचा अमेरिकेतला पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतला तो डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने. तेव्हापासून हळदीविषयी आपल्या मनात अभिमान आहे आणि तो असावा. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत त्या एनएफ-कप्पा-बीला दाव्यातच अडकवून ठेवतं, हेही खरं. पण पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. हिरडीच्या खाचेत हळदीचं जेल भरण्याचे प्रयोग आपल्या दंतमहाविद्यालयांतून झाले आहेत, त्यात थोडाफार फायदा दिसतो, पण तोही आधी कीटण साफ केल्यावर. कीटणावर हळद चोळणं म्हणजे शेवाळलेल्या भिंतीला चुना लावणं.

मधुमेहाकडे मात्र थांबून पाहायला हवं, कारण तिथे हा संदेशमार्ग अगदी उघडा दिसतो. रक्तात साखर वाढलेली राहिली की ती प्रथिनांना चिकटते. ही साखर चिकटलेली प्रथिनं स्वतःच त्या दाव्याला हिसका देतात, जंतूंची वाट पाहत नाहीत. म्हणून मधुमेह ताब्यात नसलेल्या माणसाचं हाड लवकर जातं. उलटही खरं आहे. हिरडीतून रक्तात जाणारी दाहाची रसायनं इन्शुलिनचं काम बिघडवतात. हिरड्यांवर नीट उपचार केले तर एचबीए-१-सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब, साधारण ०.४ ने खाली येतो, असं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. औषधाच्या एखाद्या जास्तीच्या गोळीने जेवढा फरक पडावा, त्याच्या जवळ जाणारा हा फरक आहे. साखरेच्या गोळ्या नियमित घेणारे किती लोक वर्षातून एकदा हिरडी दाखवतात?

आता आमच्या भागाची खास गोष्ट. मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावत बसायचं. पोलादपूरकडच्या वाड्यांवर हे बायकांमध्ये जास्त. पुरुष मुंबईला, घर-शेत-गुरं हिच्या अंगावर. कधीतरी दाढ दुखली म्हणून शेजारणीने चिमूटभर दिली, बरं वाटलं, तिथून ती सुटली नाही. माझ्या एका रुग्णाने मला सांगितलं होतं, "डॉक्टर, हिरडीतनं रगत येत हुतं, मशेरीनं थांबलं बघा." तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. रक्त थांबतं, लाली जाते, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते. आत मात्र विकरं कापत असतात आणि हाड माघार घेत असतं. शरीराने दिलेली एकमेव उघड सूचना मशेरी पुसून टाकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही हेच. म्हणून असे रुग्ण माझ्याकडे येतात ते रक्तासाठी नाही, दात हलायला लागल्यावर येतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच.

अशा बाईला मी कुठला संदेशमार्ग अडवणारं औषध देऊ? आज माझ्या हातात जे आहे ते जुनंच आहे. बधिर करून खाचेच्या तळापर्यंत मुळं खरवडायची, कीटण काढायचं, घासायला शिकवायचं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. दर तीन-चार महिन्यांनी बोलवायचं. यात गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण माघार बहुतेकांची थांबते. ठिणगीच उरली नाही की ते दावं पुन्हा पुन्हा सुटत नाही. दाह आवरण्याचा आजचा सर्वांत खात्रीचा मार्ग तोच. पण एसटीने उतरायचं म्हणजे एक दिवस आणि एक मजुरी जाते, तेही चार-पाच वेळा, आणि पावसाळ्यात दरडी कोसळल्या की वाटच बंद. २०२१ च्या त्या पुरानंतर घरातला चिखल उपसणाऱ्या माणसांना हिरडीची तपासणी कशी आठवावी? वर्षभराने परत आलेल्या काहींच्या खाचा पुन्हा खोल झालेल्या होत्या. हिरडीत टोचायचं, आठवडे-महिने काम करणारं औषध उद्या खरंच आलं तर ते या माणसांच्या जास्त उपयोगाचं ठरेल, ते एवढ्यासाठी. शहरातल्या रुग्णाला दर तीन महिन्यांनी यायला काय लागतं?

तोवर गणपतीला, शिमग्याला घरी येणाऱ्या मुंबईकर मुलांना माझं सांगणं असतं, की आईला एक दिवस खाली घेऊन या. दात दुखत नसला तरी. दुखण्याची वाट पाहू नका, या आजारात दुखणं फार उशिरा येतं.

आणि मशेरी सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी आधी सांगितली नाही तर घोटाळा होतो. सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतून रक्त जास्त यायला लागू शकतं. धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये हे अभ्यासातही दिसलं आहे. आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात, दडपलेला दाह वर दिसायला लागतो. बाई घाबरते, शेजारीण म्हणते, "बघ, सोडलीस म्हणून झालं," आणि डबी पुन्हा उघडते. त्या वेळी मशेरीकडे जायचं नाही, दवाखान्यात यायचं. कीटण काढलं आणि रोज घासणं चालू ठेवलं की ते रक्तही थांबतं. त्याला साधारण पाच-सहा आठवडे लागतात.